कळंबची पाऊणची गाडी

माझी बायको गुरुवारी सकाळी वारली. दवाखान्यातले कागद होईपर्यंत बारा वाजले. कळंबला तिच्या आईला कळवायचं माझ्याकडे होतं; मी कळवलं नव्हतं. एक वाजता फोन वाजला. एसटीची कंडक्टर बोलत होती. डबा आला आहे, घ्यायला कोणी आलं नाही, असं म्हणाली. मी स्टँडवर गेलो आणि डबा घेतला.

का गेलो, ते अजून मला सांगता येत नाही. शेजाऱ्याला पाठवता आलं असतं. बहुधा त्या दिवशी माझ्याकडून होण्यासारखी तेवढी एकच गोष्ट होती.

आमच्या भागात डबा एसटीने येतो. कळंब, लासुर्णे, भवानीनगर अशा गावांतली मुलं शिकायला बारामतीत खोल्या करून राहतात आणि त्यांच्या आया घरून डबा पाठवतात. डबा फडक्यात बांधायचा, चिकटपट्टीवर नाव लिहायचं आणि गाडी आली की ड्रायव्हरच्या हातात द्यायचा. तो आपल्या डाव्या बाजूला, इंजिनावरच्या झाकणावर, डबे मांडून ठेवतो. तिथे ते गरम राहतात. तिकीट नाही, पावती नाही. बारामतीत मुलं येतात, आपापला डबा उचलतात. रिकामे डबे परतीच्या गाडीने जातात. हे कुणी ठरवलं नाही, कुठे लिहिलेलं नाही.

माझी बायको डी.एड.ला बारामतीत आली तेव्हापासून तिचा डबा या गाडीने यायचा. पुढे तिला इथल्याच शाळेत नोकरी लागली, आमचं लग्न झालं, घर झालं. डबा थांबला नाही. रोजचा होता तो आठवड्यातून एकदा, गुरुवारी यायला लागला. गुरुवारच का, हे मी कधी विचारलं नाही. कळंबहून साडेअकराला निघालेली गाडी पाऊण वाजता स्टँडवर लागायची, म्हणून आमच्या घरात तिला पाऊणची गाडी म्हणत.

तेरावं झालं. पुढच्या गुरुवारी पुन्हा फोन आला, "सर, डबा आलाय." मी घेऊन घरी आलो. फडकं सोडतोय तोवर कळंबहून आत्यांचा, म्हणजे माझ्या सासूबाईंचा, फोन.

"पावणं, डबा घावला का?"

"मिळाला. पण आत्या, आता कशाला त्रास करून घेताय?"

"आता तुमाला कोण करून घालतंय? का पुस्तकं खाताय?"

मी कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी केली. त्यावरून त्या मला लग्नापासून बोलत आल्या आहेत. डब्यात चार भाकरी होत्या, भरलं वांगं होतं, चटणी होती. दोन माणसांचा डबा. पुढच्या गुरुवारीही चारच भाकरी आल्या, आणि त्याच्या पुढच्याही. दोन मी दुपारी खायचो, दोन रात्री. भाकरी जास्त होतात हे मी त्यांना सांगितलं नाही. त्यांना ते माहीत नसेल असंही नाही.

बाकीचे सहा दिवस मी फारसा कुणाशी बोलत नसे. दूधवाल्याशी दोन शब्द, पेपरवाल्याशी एक. गुरुवारी मात्र स्टँडवर अर्धा तास जायचा. गाडी उशिरा आली तर पाऊण तास. बाकावर बसायचो. शेजारची माणसं कुठकुठल्या गाड्यांची चौकशी करायची, मी सांगायचो. मला इंदापूर, नरसिंहपूर, पणदरे सगळ्या गाड्यांच्या वेळा पाठ झाल्या होत्या.

बायको असती तर हसली असती. गाड्यांचं वेड तिचं. ती भूगोल शिकवायची. कळंबच्या रस्त्यावर जंक्शन नावाचं गाव आहे, आणि तिथे आगगाडी येत नाही. पूर्वी शेतातून ऊस वाहून नेणारे बारके रूळ होते, त्यांचा तो सांधा, असं म्हातारी माणसं सांगतात. ती लहानपणापासून ते ऐकत आली होती. उसासाठी रूळ टाकता येतात तर माणसांसाठी का नाही, हा तिचा प्रश्न. बारामतीला मेट्रो नको, ती मोठ्या शहरांना; आपल्याला रस्त्याच्या कडेने धावणारी, दोन-तीन डब्यांची हलकी रेल्वे हवी, असं ती म्हणायची. स्टेशनपासून स्टँड, दवाखाना, कॉलेज, एमआयडीसी. पायरी नसलेली, म्हाताऱ्यांना सरळ आत जाता येईल अशी. तिने हे वर्तमानपत्रांना लिहिलं, नगरपालिकेला लिहिलं, आणि एका मोठ्या कागदावर रंगीत पेन्सिलींनी नकाशा काढला. तो कपाटावर गुंडाळून ठेवलेला होता. मी तो कधी नीट पाहिला नव्हता. "छान आहे" एवढं म्हणालो होतो.

ती गेल्यावर वर्षाच्या आतच शहरात त्याच गोष्टीची चर्चा सुरू झाली. वाहतुकीचा आराखडा होणार, हलकी रेल्वे येणार. पेपरात चित्र आलं, पांढरी गाडी, झाडं, हसणारी माणसं. मी ते पान कापून ठेवलं. कुणाला दाखवायचं ते कळेना.

मग एका गुरुवारी स्टँडवर एक तरुण मुलगी हातात टॅब घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. आराखड्यासाठी पाहणी चालू होती.

"काका, कुठून आलात?"

"इथूनच. चालत."

"आणि कुठे चाललात?"

"कुठे नाही. डबा घ्यायला आलोय."

तिने टॅबवर बोट फिरवलं. "माझ्याकडे प्रवासी, फेरीवाले, कर्मचारी आणि इतर असं आहे."

"मग इतर लिहा."

"इतर आम्ही लिहितो काका, पण मोजत नाही."

तेवढ्यात गाडी लागली. कंडक्टर खाली उतरत होती, तिने ऐकलं. "अवो ताई, माझ्या गाडीत चौदा डबं हायत. त्यांची टोपणं मोजा की डोकी म्हणून."

मुलगी हसली. ती चांगली होती. तिने मला नीट समजावून सांगितलं. रेल्वे यायला वर्षं लागतील, पण गाड्यांची फेररचना आधी होईल. बाहेरगावच्या बऱ्याच गाड्या इंदापूर रस्त्यावर शहराबाहेर थांबतील. तिथून शहरात यायला आधी छोट्या बस आणि पुढे रेल्वे. ज्या गाड्यांतून या स्टँडवर बरीच माणसं उतरतात, तेवढ्याच थेट येत राहतील. पाऊणच्या गाडीची मोजणी पुढच्या गुरुवारी होती.

माणूस गाडी बदलू शकतो. डब्याला कुणीतरी उचलून दुसऱ्या गाडीत ठेवावं लागतं. घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात एवढंच होतं.

आत्यांना अलीकडे फोनवर नीट ऐकू येत नव्हतं. म्हणून मी त्यांच्या शेजारच्या तात्यांना फोन केला. तात्यांची डाळिंबाची बाग आहे आणि गावात त्यांचा शब्द चालतो. मी सांगितलं, पुढच्या गुरुवारी पाऊणच्या गाडीतली माणसं मोजणार आहेत, कमी भरली तर गाडी बंद होईल.

"मोजू द्या की," तात्या म्हणाले. "किती पायजेत? पन्नास? साठ? टपावर बसवू का?"

"टपावर नको. गाडी भरली तरी पुष्कळ आहे."

"भरली समजा, सर. आमच्या पोरांचा डबा हाय त्यात."

मी फोन ठेवला. समाधान वाटलं. आयुष्यभर शब्दांमध्ये राहिलेला माणूस मी, आणि एक गोष्ट सांगायची राहिली, ते मला तेव्हा कळलं नाही.

त्या गुरुवारी सकाळी साडेसातच्या गाडीने मी कळंबला गेलो, परत येताना मोजणीत एक माणूस वाढावा म्हणून. आत्या चुलीपुढे होत्या. अकराला त्यांनी डबा बांधला. मी हात पुढे केला, तर दिला नाही.

"मी त्याच गाडीने चाललोय, आत्या."

"तुमी इसराल. डायवर न्हाय इसरत."

आणि मग त्यांनी चपला घातल्या. तेराव्यानंतर त्या बारामतीला आल्या नव्हत्या. मी विचारलं, कुठे? "मोजायचंय न्हवं? मी बी एक हायच की."

एसटीची पायरी उंच असते. आत्यांचं वय ऐंशीच्या आसपास. मी खालून धरलं, कंडक्टरने वरून ओढलं. आत चढल्यावर त्या नुसत्या दम खात बसल्या. पायरी नसलेल्या गाडीबद्दल बायको सतत बोलायची, ते मला तेव्हा आठवलं.

गाडी खरंच भरली. तात्या पुढच्या बाकावर फेटा बांधून बसले होते. बायका होत्या, नात्यातली माणसं होती, दोघं तर पुढच्या गावाहून आणलेली. लग्नाला निघाल्यासारखी गाडी.

"ताई, आज तिकिटाची मशिन गरम व्हनार बगा."

"हू द्या," कंडक्टर म्हणाली. "रोज आसं आला आस्ता तर ही येळ आली नस्ती."

"आता मोजलं का न्हाय आमाला?" मागून कुणीतरी विचारलं.

"मशिनीत आलं की समदं," तात्या म्हणाले.

मी खिडकीशी होतो. ते वाक्य मी ऐकलं. मशिनवर कोण मोजणार आहे, हा विचार मनात येऊन गेला, पण मी बोललो नाही. भरल्या गाडीत उठून मोठ्याने बोलणं मला कधी जमलं नाही. कंडक्टर सांगेल असं वाटलं. तिने नंतर मला सांगितलं की तिला वाटलं, मीच सगळ्यांना समजावून आणलंय.

बारामती जवळ आली. आमच्या गाडीची पद्धत अशी की माणूस म्हणेल तिथे घंटी वाजते. स्टँडपर्यंत कोण जातं? ज्याचं काम जिथे, तो तिथे उतरतो. आधी एक बाई म्हणाली, "गुडघा दाखवायचाय, दवाखान्यापाशी सोडा." एक घंटी. तिच्याबरोबर नऊ जण उतरले, आलोच आहोत तर दाखवून घेऊ म्हणून. मग कॉलेजपाशी, पोराला बघून येतो. मग खताच्या दुकानापाशी. मग चौकात, जिथे चहा बरा मिळतो. तात्या तिथे उतरले. खाली उभं राहून त्यांनी मला हात केला आणि ओरडून म्हणाले, "सर, झालं तुमचं काम!"

मी खिडकीतून हात केला.

गाडी स्टँडवर लागली तेव्हा आत आत्या, मी आणि झोप लागलेला एक म्हातारा, एवढे उरलो होतो. टॅबवाली मुलगी दाराशी उभी होती. आम्ही उतरलो. तिने तीनदा बोट टेकवलं. मग वर चढून रिकामे बाक पाहून आली.

"एवढेच?"

"गाडी भरून आली होती," मी म्हणालो. "लोक वाटेत उतरले."

"काका, मी इथे उतरणारे मोजते," ती म्हणाली. तिला वाईट वाटलं होतं. मला दिसत होतं.

कंडक्टर डोक्याला हात लावून पायरीवर बसली. आत्यांना काय झालं ते मी कानाशी जाऊन सांगितलं. त्या हसल्या. "आपलीच मानसं. घंटी दिसली की हात जातूय." मग त्यांनी विचारलं, डबा कुठं ठेवतात? मी इंजिनावरची जागा दाखवली. त्या बघत राहिल्या. मुलं आपापले डबे घेऊन जात होती. आमचा शेवटी राहिला.

"घरी चला, आत्या. जेवून जा."

"नगं. तितं काय हाय आता?"

बाकावर बसून आम्ही दोघांनी तिथेच जेवण केलं. दोन भाकरी त्यांनी खाल्ल्या, दोन मी. त्या दिवशी डबा पुरेपूर संपला. परतीच्या गाडीत मी त्यांना बसवून दिलं.

आराखड्यावर हरकती आणि सूचना मागवल्या गेल्या तेव्हा मी फॉर्म आणला. हरकत लिहायच्या आधी बायकोचा नकाशा कपाटावरून काढला आणि पहिल्यांदा नीट पाहिला. स्टेशनपासून एमआयडीसीपर्यंत निळी रेघ, थांबे, थांब्यांवर बारीक झाडं. आणि इंदापूर रस्त्यावर, शहराबाहेर, एक लाल चौकोन. त्याच्याखाली तिच्या अक्षरात: बाहेरगावच्या गाड्या इथपर्यंत.

म्हणजे तिनेही ती गाडी तिथेच थांबवली होती. डब्याचं तिच्या लक्षात आलं नव्हतं की तिने काही ठरवलं होतं, हे नकाशावर नाही. मी तेव्हा "छान आहे" म्हणालो होतो. बघून विचारलं असतं तर कळलं असतं.

तिच्या नकाशाविरुद्ध हरकत लिहायला माझा हात चालला नाही. हरकतीचा रकाना मी मोकळा सोडला. सूचनेच्या रकान्यात लिहिलं की रूळ येईपर्यंत निदान गुरुवारी कळंबची पाऊणची गाडी स्टँडवर येऊ द्यावी, कारण तिच्यातून डबे येतात. फॉर्म दिल्याची पोच मिळाली.

पुढे गाड्यांची फेररचना झाली. पाऊणची गाडी आता इंदापूर रस्त्यावर थांबते. मुलांनी खाणावळी लावल्या. कळंबहून थेट येणारी एक गाडी सकाळी सहाला आहे, पण सहाच्या आत भाकरी करणं आत्यांना होत नाही. त्यांनी दोन-तीनदा करून पाहिलं, मग मीच नको म्हणालो. कंडक्टर आता दुसऱ्या मार्गावर आहे. शहरात रुळांसाठी मापं घेणारी माणसं अधूनमधून दिसतात. रेल्वे झाली तर चांगलंच होईल, असं मला मनापासून वाटतं.

आत्या कळंबला असतात, मी बारामतीत. सकाळी साडेसातला इथून कळंबला जाणारी गाडी आहे. गुरुवारी मी त्या गाडीने जातो आणि पाचच्या गाडीने परत येतो.