सोम्यूरला थांबलेली टाचणी

अमेरिकेत, हर्नडनच्या आमच्या घरात, तळघराच्या भिंतीवर फ्रान्समधल्या ल्वार नदीचा नकाशा आहे. तो माझ्या बायकोने लावला. पुण्यात ती शाळेत फ्रेंच शिकवायची. ल्वारचं खोरं तिने इतक्या वर्गांना शिकवलं होतं, की त्यातली गावं तिला पाढ्यांसारखी पाठ होती. पाहिलं मात्र त्यातलं एकही नव्हतं. लग्नानंतर माझ्या नोकरीपायी ती इकडे आली आणि माझ्या व्हिसावर अवलंबून असल्यामुळे तिला काम करता येईना. मग तिच्या वर्गात मी एकटाच उरलो. आणि मी ढ.

"या वर्षी जाऊ या ना रे," ती दर वसंतात म्हणायची. मी दर वसंतात तेच उत्तर द्यायचो. आमच्या पासपोर्टवरच्या व्हिसाच्या शिक्क्याची मुदत संपली होती. इथे राहायला अडचण नव्हती, पण देशाबाहेर पाऊल टाकलं की परत येताना नवा शिक्का लागणार. त्यासाठी मुंबईत महिनोन्महिने अडकून पडलेले लोक आमच्या ओळखीत होते. "स्टॅम्पिंग अडकलं तर जॉब जाईल यार. ग्रीन कार्ड आलं की पहिलं तिकीट ल्वारचं." मी हे इतक्यांदा म्हणालो, की पुढेपुढे ती माझ्याबरोबर ओठ हलवायची. मी चिडायचो. चिडणं मला मुळातच छान जमतं.

शेवटी तिनेच तोडगा काढला. शनिवार-रविवारी आम्ही गावातल्या जुन्या रेल्वेमार्गाच्या जागी केलेल्या वाटेवर फिरायला जायचो. जितके किलोमीटर चालू, तितकी नकाशावरची लाल टाचणी उगमापासून नदीकाठाने पुढे सरकवायची, असं तिने ठरवलं. मी म्हटलं, हा पोरखेळ आहे. पुढच्या शनिवारी दारात बूट घालून मीच आधी उभा होतो.

ल्वारचा उगम एका डोंगराच्या पायथ्याशी आहे. तिथल्या एका जुन्या गोठ्यात पाण्याची धार पडते, एवढीच. तिथून भूमध्य समुद्र जवळ आहे, पण नदी त्याच्याकडे पाठ फिरवून उत्तरेला निघते, ऑर्लेआँपाशी पश्चिमेला वळते आणि सगळा फ्रान्स ओलांडून अटलांटिकला मिळते. "आपल्यासारखीच आहे वेडी," ती म्हणायची, "जवळचं सोडून लांब जाणारी."

ती डांबरी वाट सोडून कडेच्या मातीवरून चालायची, गुडघ्यांना बरं म्हणून. व्हर्जिनियाची लाल माती बुटांना अशी चिकटते की घासून निघत नाही. चालता चालता ती टाचणी पोचली असेल ते गाव शब्दांनी दाखवायची. ब्रिआरला नदीवर पूल आहे आणि त्या पुलावरून रस्ता नाही, कालवा जातो. म्हणजे नदीच्या डोक्यावरून होड्या! शाँबोरच्या राजवाड्यात दोन जिने एकमेकांभोवती असे गुंडाळलेत की एकाने चढणारा आणि दुसऱ्याने उतरणारा एकमेकांना दिसतात, पण भेटत नाहीत. विलाँद्रीच्या बागेत कोबी आणि वांगी रांगोळी काढल्यासारखी लावतात. "एवढी बाग आणि भाजीच लावली?" मी विचारलं, तर ती वाटेत मटकन बसून हसली होती. माती उडवत सायकलवाले बाजूने गेले. ते हसू अजून माझ्या कानात आहे आणि मला त्याचं काय करावं ते कळत नाही.

चौथ्या वर्षी आम्ही सोम्यूरला पोचलो. पांढऱ्या दगडाचं गाव, वर किल्ला, खाली नदीत वाळूची बेटं. डोंगरात दगड काढून उरलेल्या गुहा, त्यांत अळिंबी पिकवतात. त्या रविवारी परतताना तिला धाप लागली. आठवडाभरात तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी आम्हा दोघांना खुर्चीवर बसायला सांगितलं.

नंतर ती चालू शकली नाही. म्हणाली, "तू जा. आपली नदी अर्धवट ठेवू नकोस." शनिवारी मावशी, म्हणजे समोरच्या घरातल्या निवृत्त डॉक्टरीणबाई, तिच्याजवळ बसायच्या आणि मी निघायचो. वाटेशी जाऊन गाडी लावायचो आणि उतरायचोच नाही. तिच्याशिवाय त्या वाटेवर माझा पाय पडेना. तासभर फोनवर ल्वारबद्दल वाचायचो आणि घरी येऊन सांगायचो, आज इथपर्यंत गेलो. तिच्यासमोर टाचणी सरकवता यावी म्हणून नकाशा वर आणून पलंगासमोर लावला होता. टाचणी नाँतला पोचली तेव्हा तिने मान हलवली. ऑक्टोबरातल्या एका दुपारी मी टाचणी नदीच्या मुखाशी, सँ-नाझेरला रोवली.

"पोचलो बघ. समोर नुसती शांत वाळू आणि समुद्र."

"तिथे जहाजं बांधतात रे," ती म्हणाली. "केवढा आवाज असेल." मग बराच वेळ तिने माझ्या पायांकडे पाहिलं. "सोम्यूरपासून तुझ्या बुटांना नवी माती नाही लागलेली."

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. काहीतरी बोलायला गेलो, तर तिने हात धरला.

"असू दे. नंतर खरं चालून ये. मी सोम्यूरला थांबते."

त्यानंतर ती अकरा दिवस होती.

ग्रीन कार्ड सात महिन्यांनी आलं. साध्या पाकिटात, जाहिरातींच्या कागदांबरोबर. मी ते हातात घेऊन पोस्टाच्या पेटीशी उभा राहिलो आणि इतका रडलो की समोरच्या घरातून मावशी धावत आल्या. "आता जाऊन ये तिथे," त्या म्हणाल्या. "तिचीच इच्छा होती ना?"

मी तिकीट काढलं नाही. नकाशा परत तळघरात लावला, टाचणी समुद्राकाठून उपटली आणि सोम्यूरला टोचली. पुढच्या शनिवारी गाडीतून उतरलो आणि डांबर सोडून कडेच्या मातीवरून चाललो. आता दर शनिवारी-रविवारी चालतो. हिशोबाने पाहिलं तर समुद्र केव्हाच यायला हवा होता. घरी आल्यावर मातीने भरलेल्या बुटांनी तसाच तळघरात उतरतो, नकाशासमोर उभा राहतो, टाचणीला हात लावतो. पण ती पुढे सरकवली तर बायको तिथे एकटी राहील, म्हणून हात मागे घेतो.