घरात कुणाला होता का?

आज सकाळी परळला माझी एंडोस्कोपी झाली. घरी आल्यापासून नुसत्या फेऱ्या मारतेय, म्हणून इथे लिहितेय.

मला वाटलं होतं, जुनं पित्त असेल. डॉक्टर म्हणाले, "जठराच्या वरच्या भागात पॉलिप्स, म्हणजे बारीक कोंब, अगदी दाटीने उगवलेत. बहुतेक पॉलिप्स निरुपद्रवी असतात, पण असे सहसा दिसत नाहीत. हा प्रकार कधीकधी घराण्यात चालत येतो आणि पुढे कॅन्सरकडे जाऊ शकतो. तुकडे तपासायला पाठवलेत. घरात कुणाला पोटाचा कॅन्सर होता का?"

मी लगेच नाही म्हटलं.

खाली येऊन लालबागच्या आत्याला फोन केला, आपली खात्री म्हणून. ती म्हणाली, "तसला काय नाय हा आपल्यात." आणि मग, "आयेच्या पोटात गोळो होतो तेवढो. शेवटाक जेवणच जाय नाय तिका."

तिची आये म्हणजे माझी आजी. आम्हा मुलांना सांगितलं होतं, आजी पोटदुखीने गेली. तो शब्द आमच्या घरात कधी कुणी उच्चारलाच नाही.

रिपोर्ट यायचाय. सकाळपासून उपाशी आहे तरी घास जात नाहीये, आणि आता त्याचीही भीती वाटतेय.

मघाशी पुण्याहून लेकीचा फोन आला. "आई, काय म्हणाले डॉक्टर?"

"काही नाही गं," मी म्हटलं, "पित्त आहे."

फोन अजून हातातच आहे. तुम्ही माझ्या जागी असता तर आत्ता तिला परत लावला असता का?