राखीव गड्याचा उपास

आमच्या घरात तो कधी बसला नाही. चपला बाहेर काढून आत यायचा आणि फ्रिजला टेकून उभा राहायचा, तेही टाचा उचलून, चवड्यांवर. "बस की रे," म्हटलं की हात जोडायचा.

"नको काकू. बसायचं काम मॅचला असतंच."

मला आधी कळलंच नाही. मग मुलाने समजावलं. शेजारचा हा पोरगा इथल्या एका क्लबकडून पगारावर फुटबॉल खेळतो, पण राखीव गडी आहे. आतला कोणी दमला, पडला, तर हा आत जाणार. नाहीतर बाकावर बसून घरी येणार.

वय असेल सत्तावीस-अठ्ठावीस. साताऱ्याकडचा, पण शाळा आणि मिलिटरीतली सक्तीची वर्षं सगळी सिंगापुरातच झाली. वडील रिटायर झाल्यावर आईवडील गावी परतले. हा फुटबॉलसाठी मागे राहिला, आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये एक खोली भाड्याने घेऊन. आमची ओळख कुरडयांवरून झाली. मी कॉरिडॉरमध्ये जुनी साडी अंथरून कुरडया वाळत घातल्या होत्या. येणारेजाणारे चिनी, मलाय शेजारी वळून बघायचे आणि पुढे जायचे. हा बूट हातात घेऊन आला, थांबला, आणि मोठ्याने म्हणाला, "कुरडया! तळल्या की बेल मारा हं काकू." मी लाजाळू बाई. परक्या माणसाशी माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. पण त्या दिवशी मी मान डोलावली आणि दुसऱ्याच दिवशी बेल मारली.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. हातात काही नसतं, पण चाल अशी की सगळं आपलंच आहे. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत मी त्याला एकदा पाहिलं. बुकित तिमाहच्या एका मोठ्या काँडोमध्ये, म्हणजे पैसेवाल्यांच्या सोसायटीत, जेवण होतं. बँकेतले एक गृहस्थ त्याला म्हणाले, "फुटबॉल ठीक आहे रे, पण काम काय करतोस?"

"पळतो काका."

"अरे, म्हणजे पोटापाण्याला?"

"तेच की. पळायचे पैसे मिळतात. तुम्हाला बसायचे मिळतात ना?"

गृहस्थांच्या बायकोलाच आधी हसू आलं. हा तोवर बासुंदीची वाटी घेऊन पुढे गेला होता.

एकदा मुलाने मला त्याची मॅच दाखवायला नेलं. माझे डोळे त्याच्यावरच. पहिल्यापासून तो रेषेच्या बाहेर पळत होता. इकडून तिकडे, तिकडून इकडे, मध्येच गुडघे छातीपर्यंत उचलून. मला वाटलं, सगळ्यात जास्त मेहनत हाच करतोय. शेवटी शेवटी त्याला आत घेतलं, आणि उजव्या कडेने तो असा सुटला की समोरचा पोरगा जागच्या जागी गोल फिरला. लगेच शिट्टी वाजली आणि खेळ संपला.

दुसऱ्या दिवशी मी विचारलं, "अरे, तू बाहेर एवढा पळत होतास, ते कोणी मोजत नाही का?"

तो पोट धरून हसला. "नाही काकू. पण कोच बघतो. बघतोच."

'कोच बघतो' हे त्याचं ठरलेलं वाक्य. पाय मुरगळला तरी तेच, नाव यादीत नसलं तरी तेच.

मग रमजानचा महिना आला. पाया लेबार स्टेशनच्या पलीकडे बाजार भरला, दिव्यांच्या माळा लागल्या. आणि त्याच दिवसांत क्लबने परदेशातून एक नवा खेळाडू आणायचं ठरवलं. त्याच्यासाठी जागा करायची म्हणजे इथल्या दोन राखीव गड्यांपैकी एकाला सोडायचं. एक हा. दुसरा याचा मित्र, मलाय मुलगा, लहानपणापासून बरोबर खेळलेला. दोघंही उजव्या कडेने पळणारे. कोचही नुकताच नवा आला होता. त्याने सांगितलं, एक सरावाची मॅच घेतो, दोघांना दोन बाजूंना घालतो, जो चांगला तो राहील.

मॅच संध्याकाळी पाचला. मित्राचा रोजा सुटायच्या आधी. वेळ बदला म्हणून हा स्वतः सांगायला गेला होता, पण मैदान तेवढ्याच वेळेला मोकळं होतं.

आदल्या संध्याकाळी तो फ्रिजला टेकून म्हणाला, "काकू, उद्या पहाटे साबुदाण्याची खिचडी द्याल? मी उपास करतोय. पाणी पण नाही."

"कुठला उपास?"

"त्याचा तोच माझा."

मी हातातलं लाटणं खाली ठेवलं. "अरे, त्याचा उपास देवासाठी आहे. तुझा कशासाठी?"

"मॅचसाठी. तो उपाशी पळणार आणि मी पोटभर जेवून, पाणी पिऊन. मी जिंकलो की जन्मभर लोक म्हणणार, जर त्याचा रोजा नसता तर. मला तो 'जर' नको काकू. मला स्वच्छ जिंकायचंय."

कीव म्हणून नव्हे, मित्रप्रेम म्हणूनही नव्हे. ताठ्याने म्हणत होता. मला ते आवडलं, आणि भीतीही वाटली. मी म्हटलं, "मग पेज घे, ताक घे. साबुदाण्याने घसा सुकेल."

"उपास म्हणजे साबुदाणाच ना?" उपासातलं त्याला एवढंच माहीत. "एक दिवस तर आहे लाह." इथल्यांसारखं वाक्याच्या शेवटी 'लाह' लावायची त्याला सवय.

पहाटे त्याने दोन वाट्या खिचडी उभ्यानेच खाल्ली. वर मी बळेबळे तांब्याभर पाणी पाजलं.

मैदान आमच्या इमारतीपासून चालण्याच्या अंतरावर. मी एकटीच गेले आणि जाळीपाशी उभी राहिले. काय सांगू, सुरुवातीला तो असा खेळला की मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. दोनदा मित्राच्या बाजूने चेंडू काढून नेला. कोच हाताची घडी घालून बघत होता. मित्र मात्र एका चालीने पळत होता, ना जास्त ना कमी. कोरड्या तोंडाने दिवस कसा काढायचा, दम कुठे राखायचा, हे त्याच्या अंगात लहानपणापासून मुरलेलं. माझ्या ते तिथे जाळीपाशी लक्षात आलं. आमच्या पठ्ठ्याने उपास धरला, पण उपासात दम राखून वापरायचा असतो हे त्याला कोण सांगणार?

दुसऱ्या हाफमध्ये तो पळता पळता पोटरी धरून खाली बसला. पायात गोळा आला होता. सगळ्यात आधी मित्रच धावत आला. त्याचा पाय वर उचलून त्याने चवडा दाबून धरला. एकजण पाण्याची बाटली घेऊन आला, तर याने मान हलवून ती परत केली. मित्र त्याच्या तोंडाकडे बघत राहिला. मग ओरडला, "यू फास्टिंग आह?" याने ओठांवर बोट ठेवलं.

उठला, पुन्हा पळला, पण पाय ओढत. मित्र त्याच्या बाजूने दोनदा निघून गेला.

खेळ संपल्यावर बाकीचे गेले, हे दोघं पायऱ्यांवर बसले. मी मधे एक पायरी सोडून वर बसले. मित्राच्या फोनवर बांग झाली. रोजा त्याचा, पण त्याने पहिलं पाणी याच्या हातात दिलं आणि याची बाटली रिकामी होईपर्यंत स्वतः खजूर तोंडात घातला नाही. मग त्याने खजुराचा डबा माझ्यापुढे धरला. रागाने लाल झाला होता. "आंटी, युअर बॉय क्रेझी लाह." एवढं इंग्रजी मला कळतं. मीही मान डोलावली.

क्लबने मित्राला ठेवलं.

मित्र कोचला सगळं सांगायला निघाला होता. याने त्याला अडवलं. "सांगितलंस तर तुझी जागा जाईल, आणि मला अशी नकोय," म्हणाला. मग मित्र आमच्याकडे आला, दारातच उभं राहून मला हातवारे करून सांगू लागला, की तुम्ही तरी समजवा. मी तसल्या भानगडीत पडणारी नव्हे. पण त्या संध्याकाळी मी विचारलंच, "पाणी प्यायला असतास तर?"

"तर जिंकलो असतो," तो लगेच म्हणाला. आवाजात ना रड, ना कुरकुर. "मला माहीत आहे, त्याला माहीत आहे. कोचला माहीत नाही, एवढंच."

जागा गेल्याचं दुःख त्याला नव्हतं असं कोणी समजू नका. आठवडाभर तो सकाळी पळायला गेला नाही. त्याच्या खोलीचं दार बंद असायचं आणि बूट बाहेर तसेच, चिखल वाळलेले. मी रोज बेल मारून डबा द्यायची. डबा धुऊन परत यायचा. एका सकाळी बूट जागेवर नव्हते. मी मनात म्हटलं, सुटले बाई.

मग मलेशियातल्या एका छोट्या क्लबचं बोलावणं आलं. तिथेही आधी परीक्षा द्यायची, मग जागा. खोली त्याने सोडून टाकली. मी म्हटलं, "आधी निकाल तर लागू दे." तर म्हणाला, "परत कशाला येऊ? घेतीलच."

जायच्या सकाळी मित्र त्याला पोचवायला आला. तेव्हा ईद होऊन गेली होती. मी दोघांना पोहे केले, वर चहा आणि भरपूर पाणी दिलं. दोघांनीही परत मागून घेतले. त्याने वाकून नमस्कार केला. मित्रानेही, त्याचं बघून. मग दोघं लिफ्टने खाली गेले आणि मी कॉरिडॉरच्या कठड्यापाशी आले.

बसस्टॉपपर्यंत लांब सरळ वाट आहे, वर छप्पर घातलेली, पण कडेने गवताची पट्टी मोकळी आहे. बॅग मित्राच्या पाठीवर होती. दोघं गवतातून चालत होते. चालता चालता एकाने पाय उचलला, मग दुसऱ्याने, आणि दोघं पळायलाच लागले. चार पावलं गेली नसतील, तर हा थांबला. बॅगेकडे बोट दाखवून काहीतरी म्हणाला. मित्र हसत होता, नको नको करत होता. याने ऐकलं नाही. बॅग गवतावर ठेवायला लावली. मग दोघं पुन्हा इमारतीच्या पायथ्याशी आले, खांद्याला खांदा लावून उभे राहिले आणि सुटले.

पुढे दाट झाडं आहेत. त्यांच्याखाली दोघं गेले, आणि शेवट काही मला दिसला नाही.

थोड्या वेळाने झाडांखालून एकजण बॅग न्यायला परत आला. कमरेवर हात, धापा टाकत, हरल्यासारखी मान हलवत. तो मित्र होता.