ट्रंकेत काय हाये?

पुस्तक लायब्ररीचं, कार्ड समताचं, आणि उशाखाली घेऊन झोपत होत्या सासूबाई! आता बोला.

समता आठ वर्षांपासून सुलतानपूरची सून. जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीचा वर्ग तिच्याकडे. दिवसभर पोरांपुढे घसा फोडायचा, घरी येऊन पोळ्या लाटायच्या, नवरा नागसेन बुलढाण्याला नोकरीला, तो शनिवारी उगवायचा. या सगळ्यातून स्वतःसाठी उरायचं काय, तर मेहकरच्या वाचनालयातलं महिन्याला एक पुस्तक. या खेपेला दोन महिने नंबर लावून ठेवलेली कादंबरी हाती लागली होती. शहरातल्या एका सोसायटीतल्या तीन आया, तिघींनी दडवलेली एकेक गोष्ट, आणि एका सकाळी त्यातली एक आई गायब! साठ पानं झाली आणि समताचा जीव टांगणीला लागला. नेमका तेव्हाच सासूबाईंनी, म्हणजे बेबीताईंनी, पुस्तकावर हात ठेवला.

दोष समताच्याच तोंडाचा. शेजारच्या जनकाबाईनं "कायचं पुस्तक व?" विचारलं, तर "काही नाही" म्हणून सुटायचं की नाही? ही म्हणाली, "मायांचं. त्यायनं लपवलेल्या गोष्टीचं." झालं! बायांनी गलका केला, आम्हाले ऐकव. आणि बेबीताई म्हणाल्या, "तिले कुठं सवड हाये? म्या वाचतो, तुमाले सांगतो."

याला कोणाची हरकत असणार? बेबीताई म्हणजे वस्तीतल्या बुद्धविहाराचा आवाज. वर्षावासाचे, म्हणजे पावसाळ्याचे तीन महिने रोज संध्याकाळी तिथे ग्रंथवाचन चालतं. पूर्वी समताचे सासरे इंद्रभान वाचायचे, बेबीताई शेजारी बसून ऐकायच्या. बारा वर्षांपूर्वी ते गेले. पुढच्या आषाढी पौर्णिमेला वाचायला कोण, म्हणून सगळे एकमेकांची तोंडं बघत होते, तर या उठल्या, त्यांच्या जागी बसल्या, ग्रंथ उघडला आणि सुरू झाल्या. एक शब्द अडखळला नाही. तेव्हापासून ती जागा त्यांची. विहारात कादंबरी वाचणं बरं दिसत नाही, म्हणून वाचन आटोपलं की बाया बाहेर ओट्यावर बसायच्या आणि बेबीताई निळ्या कव्हरचं ते पुस्तक उघडायच्या.

इकडे समता घरात पोळ्या करपवत होती.

"आत्याबाई, झालं का पुस्तक?"

"होऊन राह्यलं."

"कितवं पान?"

"आता पानं मोजत बसू का? चष्मा बरोबर लागत नाही व हा."

चष्म्याचं हे एक दुखणंच होतं. बुलढाण्याहून तीनदा बदलून आणला. तरी गोळ्यांचं पाकीट आलं की "सकाळची कोन्ती ते सांग," एसटी आली की "बोर्ड वाच, कुठची हाये." समता वैतागायची, पण मनात म्हणायची, जाऊ दे, म्हातारपणाचे नखरे.

आठव्या दिवशी जनकाबाईनं तिला शाळेच्या फाटकाशीच अडवलं. "मॅडम, सांगून टाक. ट्रंकेत काय हाये?"

"कोणत्या ट्रंकेत?"

"अवो, त्या मायच्या! माहेराहून आणलेली. नवऱ्याले हात लावू देत नाही, लेकाले नाही. हालवली त आत काईतरी खडखडते म्हने. सून बिचारी किल्ली शोधून राह्यली. सून तशी चांगली हाये, पन तोंडाची लय फटकळ."

समता चक्रावली. साठ पानांत लिफ्ट होती, स्विमिंग पूल होता, ट्रंकेचा पत्ता नव्हता. असेल बाई पुढे, म्हणून तिनं दम धरला. रविवारी बेबीताई नागसेनबरोबर एका कार्यक्रमाला हिवरा आश्रमला गेल्या. त्यांची पाठ वळताच समतानं उशाखालून पुस्तक काढलं आणि स्वयंपाक तसाच टाकून शेवटच्या पानापर्यंत वाचलं. गायब झालेली आई आपल्याच बहिणीच्या फ्लॅटमध्ये निघाली. ट्रंक नाही, किल्ली नाही, सून तर औषधालाही नाही!

मग आठ दिवस ही बाई गावाला काय सांगत होती? समताच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पुस्तक अडवून ठेवायचं ते ठेवायचं, वर मनाच्या थापा मारायच्या? तिनं पुस्तक होतं तसं उशाखाली सारलं. संध्याकाळी कणीक झाकून ठेवली आणि चपला घालून तडक ओटा गाठला. आज चारचौघींत विचारायचंच.

बेबीताई परतल्या होत्या आणि रंगात आल्या होत्या. मांडीवर पुस्तक, ओळीखालून फिरणारं बोट, बाया श्वास धरून. समता मागे उभी राहिली आणि तिची नजर सवयीनं बोटावर गेली. पान अर्ध्यातच संपलं होतं, खाली नुसता कोरा कागद होता. बेबीताईंचं बोट त्या कोऱ्या कागदावरून सरळ ओळीत चाललं होतं, आणि तोंडून माय बोलत होती, सून बोलत होती.

हे बोट समता ओळखत होती. दरवर्षी पहिलीत दोन-चार पोरं असतातच. धडा ऐकून ऐकून पाठ, घडाघडा म्हणतात, आणि बोट भलत्याच ओळीवर. मॅडम मधलंच पान काढते, की पोरगं गप्प.

चष्मा. गोळ्या. एसटीचा बोर्ड. बेबीताईंना अक्षर येत नव्हतं! बारा वर्षं त्या ग्रंथ वाचत नव्हत्या, नवऱ्याच्या तोंडून ऐकलेला म्हणत होत्या.

आणि समताला कणव आली म्हणता? छे! तिला आणखीच राग आला. गावभरच्या पोरांना मी अक्षरं शिकवते, आणि माझ्याच घरात आठ वर्षं हे नाटक? मला एका शब्दानं सांगू नये? वर मला फटकळ म्हणावं? कारण ती सून कोण, हे आता सांगायला नको होतं. ट्रंकही तिच्या ओळखीची होती. बेबीताईंच्या बाजेखालची, कुलपातली. झाडताना सरकवली की आत लाकडासारखं खडखडायचं, शाळेत पोरांच्या दप्तरात खडखडतं तसं, आणि बेबीताई ओरडायच्या, "ठेव तिथं!"

"आज शेवट कर बेबी," जनकाबाई म्हणाली. "पुस्तक उद्या परत द्याचं हाये म्हने. ट्रंक उघड."

बेबीताईंचं बोट थांबलं. आठ दिवस त्यांनी ट्रंक नुसती लांबवली होती, उघडायची हिंमत झाली नव्हती. "डोळे दुखून राह्यले," त्या म्हणाल्या. "चष्मा..."

"मंग आमची डिंपल वाचन ना! कालेजात जाते. घे व डिंपल, वाच शेवटलं पान."

जनकाबाईच्या नातीनं हात पुढे केला. बेबीताईंनी पुस्तक दोन्ही हातांनी छातीशी धरलं आणि पहिल्यांदाच समताकडे पाहिलं. ज्या वस्तीत भिंतीभिंतीवर 'शिका' लिहिलंय, तिथं ग्रंथ वाचणारीलाच वाचता येत नाही, हे कळल्यावर कोणी त्यांना हाकललं नसतं. पण ती जागा गेली असती, आणि त्या जागेशिवाय बेबीताईंकडे दुसरं होतं काय?

"ए, थांब!" समता डिंपलवर अशी खेकसली, की पोरीनं हात मागे घेतला. "पुस्तक माझ्या कार्डावरचं हाये. पान फाटलं त मलेच बोलतीन. मी वाचते."

तिनं सासूच्या हातून पुस्तक ओढून घेतलं, शेवटचं पान काढलं. पानावर इन्स्पेक्टर लिफ्टचं बटण दाबत होता. समतानं ओळीखाली बोट ठेवलं आणि वाचायला लागली.

"'सुनेनं किल्ली फिरवली. ट्रंकेत सोनं नव्हतं, पत्र नव्हतं. जुन्या लुगड्याच्या घडीत एक लाकडी चौकटीची पाटी होती. कोरी. माय म्हणाली, भाऊ शाळेत गेला, मी शेतात निंदायला गेले. सासरी येताना पाटी तेवढी सोबत आणली. मला वाचता येतं असंच सगळ्यांना वाटत गेलं, आणि मीही वाटू दिलं. मग सांगायची सोय राहिली नाही. सून रागावली. पण तिनं पाटी परत घडीत ठेवली, ट्रंक लावली आणि कोणाला काही सांगितलं नाही.' संपलं."

"हात्तिच्या!" जनकाबाई म्हणाली. "खून-बिन काईच नाही?" मग म्हणाली, "पन एवढ्यासाठी काऊन लपवलं व तिनं? मले तरी कुठं वाचता येते!"

"तुले कोनी वाचाले बसवलं नाही ना, जनका," बेबीताई खाली बघत म्हणाल्या.

बाया उठल्या. ओट्यापासून घर हाकेच्या अंतरावर, तरी दोघी सावकाश चालल्या. समताच्या मनात एवढं साचलं होतं, की सुरुवात कुठून करावी तेच कळेना. तेवढ्यात बेबीताईच म्हणाल्या, "शेवट बरा केला तुनं. पन एक चुकलं."

समताचा पारा पुन्हा चढला. निभावून नेलं, आणि वर चूक! "काय चुकलं?"

"पाटी कोरी नाही. 'ब' हाये तिच्यावर. दादानं काढून देल्ला होता, माह्या नावाचा, गिरवाले. दुसऱ्या दिवसापासून म्या निंदाले गेली. पुसला जाईन म्हून पाटीले कधी पानी लावलं नाही."

समता रस्त्यातच थांबली. "आणि हे आता सांगता? आठ वर्षं मी काय मेली होती का घरात?"

"तू मास्तरीन. तुलेच कशी सांगू?"

समतानं हात पुढे केला आणि म्हणाली, "किल्ली द्या. 'ब' गिरवायचा राहिलाय."

बेबीताईंनी कमरेची किल्ली सोडून तिच्या हातावर ठेवली.