शारजाचं लग्न

“आधी विचारायचं, मग हात लावायचा.”

खुर्चीला मागून कुणी धक्का द्यायला गेलं की आपा ब्रेक ओढायच्या आणि हे वाक्य टाकायच्या. मदत करणारा ओशाळायचा. मग आपाच हसायच्या, “आता विचारलंस ना? मग ढकल की!”

उदगीरच्या बाजारात माझ्या वह्या-पुस्तकांच्या दुकानाला लागून त्यांचं बांगड्यांचं दुकान. लहानपणी पोलिओनं दोन्ही पाय गेलेले. चाकांची खुर्ची गावातल्याच वेल्डरकडून, त्याच्या डोक्यावर बसून बनवून घेतलेली. बांगड्या भरताना त्या बाईच्या हाताकडे बघायच्याच नाहीत. तिच्या तोंडाकडे बघत माहेरची चौकशी करायच्या आणि बोलता बोलता बांगडी मनगटात गेलेली असायची.

लग्न केलं नाही. भावाची बायको बाळंतपणात गेली, तेव्हा तिची मुलगी आपांनी, तिच्या फुप्पीनं म्हणजे आत्यानं, वाढवली. मुलगी शाळेच्या वरच्या वर्गात गेली तसा भाऊ तिला शारजाला घेऊन गेला. तिचं लग्न तिकडेच ठरलं आणि आपांना तिकीट आलं.

“माझ्या पोरीला मीच बांगड्या भरनार,” त्या गल्लीभर सांगत होत्या. लाखेच्या बांगड्यांचा डबा त्यांनी मांडीवरून खाली ठेवला नाही.

परत आल्या त्या गप्प. लग्न कसं झालं विचारलं की म्हणायच्या, “लई झ्याक.” फोटो मागितले की गिऱ्हाईक आठवायचं. बऱ्याच दिवसांनी, माझ्या हातात बांगड्या भरताना, त्या आपणहून बोलल्या. माझं मनगट त्यांच्या मुठीत होतं.

हैदराबादच्या विमानतळावर त्यांची खुर्ची सामानात टाकली. शारजाला विमान रिकामं झालं, तरी त्यांना उतरवायला कुणी आलं नाही. भावाच्या ओळखीचं कुटुंब त्याच विमानात होतं, तेही पुढे निघून गेलं. जाता जाता कुणीतरी म्हणालं, “असल्यांनी एवढ्या लांब यावंच कशाला?” लघवीला लागली होती. हाक मारून कुणी येईना. शेवटी त्या सीटवरून खाली उतरल्या आणि नव्या सलवारीनिशी, हातांवर रेटत, सीटांमधल्या वाटेवरून संडासापर्यंत गेल्या. झाडणारा माणूस त्यांच्या ओढणीवरून पाय टाकून पुढे गेला.

“शिवी दिली असती तरी चाललं असतं,” आपा म्हणाल्या. “त्यानं बघितलंच न्हाई गं मला.”

खुर्ची मिळाली ती एक चाक वाकलेली.

मला वाटलं, यातलं वाईट एवढंच. पण लग्नाच्या सकाळी भाऊ खोलीत आला. “आपा, मुलाकडच्यांना तुझं सांगितलेलं न्हाई. विचारतील, हे पायाचं दुखनं घरान्यातलं हाय का. कुनाकुनाला समजावत बसू?”

आपांनी भाचीकडे पाहिलं. ती नटून दारात उभी होती.

“फुप्पी, फक्त आजचा दिवस.”

सगळे हॉलवर गेले. दाराला बाहेरून कुलूप. बांगड्यांचा डबा पलंगावर तसाच.

“तू काही बोलला नाहीत?” माझी तू-तुम्हीची गल्लत झाली.

“काय बोलू? नटून लई गोड दिसत होती.”

दोनेक वर्षांनी ती भाची आमच्या बाजारात आली. सासर मूळचं नांदेडचं, सासूला आपल्या वडिलांचं गाव दाखवायला आणलेलं. मी माझ्या काउंटरवरून बघत होते. सासूला बांगड्या दिसल्या आणि ती थेट आपांच्या दुकानात शिरली. भाचीचा चेहरा उतरला.

“ह्या आमच्या गल्लीतल्या,” ती सासूला म्हणाली. “लहानपणी मी यांच्याकडेच बांगड्या भरायचे.”

आपांनी तिच्याकडे एकदाच पाहिलं. “हाव,” त्या म्हणाल्या. “लई रडायची. या, बसा, हात द्या.”

बांगड्या भरून घेताना सासूनं सहज विचारलं, “पायाला काय झालं हो?”

भाचीनं रस्त्याकडे तोंड फिरवलं.

“पोलिओ. लहानपनी ताप आला न् पाय गेले.”

“अरे हाव, माझ्या चुलतभावालाबी होता की. नांदेडला वकिली करायचा, लई हुशार मानूस,” सासू म्हणाली आणि दुसरा हात पुढे केला. “यात ती हिरवी दाखवा.”

संपलं. एवढंच होतं ते. अजूनही भाचीला बोलता आलं असतं. मी वाट पाहत होते, आपाही पाहत असाव्यात, कारण हिरव्या बांगड्या त्यांनी फार सावकाश भरल्या.

“चला अम्मी, उशीर होऊन राहिलाय,” भाची म्हणाली.

गाडी गेल्यावर आपा मला म्हणाल्या, “सासू चांगली हाय. पोरगी सुखात राहील.” मग आत तोंड करून बराच वेळ डबे लावत बसल्या.

त्या हिवाळ्यात त्यांच्या छातीत कफ झाला. लातूरच्या दवाखान्यात नेलं, तिथून त्या परत आल्या नाहीत. मातीला भाऊ पोचला नाही.

आठवड्यानं मला भाचीचा फोन आला. खूप रडत होती. माझ्याकडे फुप्पीचा एकही फोटो नाही, म्हणाली, भिंतीवर लावायचाय, तुमच्याकडे असेल तर पाठवा. शोधते, म्हणाले.

फोन ठेवता ठेवता ती थांबली.

“काकू, खुर्ची दिसणार नाही असा आहे का एखादा?”

मी सगळे फोटो पाहिले. तसा एकही नव्हता.