पांढऱ्या ओळीतली कपाशी

माधवरावांचा फोन आला तेव्हा मी मेट्रोत उभी होते, गुरुग्रामलाच निघाले होते, सुनंदाला भेटायला. "आता घाई करू नका," एवढंच ते म्हणाले. बायको गेली हे नवऱ्याने याहून वेगळं कसं सांगायचं? पुढच्या स्टेशनवर उतरावंसं वाटलं... पण उतरून जाणार कुठे? त्यांच्याच घरी गेले.

सुनंदाने आणि मी दिल्लीत एकाच सरकारी संशोधन संस्थेत जन्मभर नोकरी केली. ती जळगावची, मी अकोल्याची. बाहेर दिवसभर हिंदी, भांडायला मात्र मराठी. कपाशीवर मातीचा फवारा, हे आमचं काम. केओलिन नावाची बारीक पांढरी माती पाण्यात कालवून फवारली की पानांवर थर बसतो आणि पांढरी माशी, तुडतुडे तिथे टिकत नाहीत. विष नाही, वास नाही. निकाल चांगले आले, शेतकऱ्यांसाठी शिफारस पाठवायची वेळ आली आणि सुनंदाबाई अडून बसल्या. "अगं, माशी गेली, पण ढालकिडेही दिसेनासे झालेत." लाल पाठीवर काळे ठिपके असलेला हा किडा कपाशीचा रस शोषणारा मावा खातो, म्हणून तो आमच्या भाषेत मित्रकीटक. "शत्रू हाकलताना आपण मित्रांनाही हाकलतोय का, ते बघू दे मला." मी अशी चिडले! आमचे साहेब तर चिडलेलेच होते. ही ढिम्म. पुढचा अख्खा हंगाम तिने कागद अडवून ठेवले आणि शेवटी शिफारस गेली ती तिच्याच अटीवर: एक ओळ फवारायची, शेजारची मित्रांसाठी हिरवी सोडायची. पण हिरव्या ओळीतले मित्र पुन्हा पांढऱ्या ओळीत येतात का, हे कळायचं राहूनच गेलं. निवृत्त झाल्यावर हा प्रश्न ती घरी घेऊन गेली.

गुरुग्रामच्या उंच सोसायटीत लोक वरचे मजले मागत होते, हिने हट्टाने तळमजला घेतला, मागच्या पट्टीभर जमिनीसाठी. तिथे कपाशीच्या दोन ओळी, एक पांढरी, एक हिरवी. शेजारीण विचारायची, "आंटी, पौधों को चूना क्यों लगाया?" की झालं, हिचं व्याख्यान सुरू!

या वर्षी आजार बळावला आणि तिचं उठणंच बंद झालं. पलंगावरून खिडकीतून पांढरी ओळ दिसायची, पण पानाची खालची बाजू कशी दिसणार? म्हणून मी गेले की आधी मागे जाऊन पानं उलटून ढालकिडे आलेत का बघायचं, पांढऱ्या ओळीवर फवारा मारायचा आणि मग आत येऊन सांगायचं. शेवटच्या भेटीत माधवराव माझ्यामागे आले, हळूच म्हणाले, "आले म्हणून सांगा ना... काय बिघडतं?" त्यांचा जीव तुटत होता, दिसत होतं मला. मीही दारात थबकले.

"आले का गं?" सुनंदाने विचारलं.

"हिरव्या ओळीत आहेत. पांढऱ्या ओळीत एकही नाही."

ती डोळे मिटून हसली. "खोटं बोलली असतीस तर कळलं असतं मला. तुझा आवाज वर जातो." जरा वेळाने म्हणाली, "बघत राहा." माधवराव पायथ्याशी बसून ऐकत होते.

परवा पुन्हा गेले. घर फार शांत होतं, मला तिथे बसवेना. माधवरावांनी चहा टाकला, मी सवयीने मागे गेले. ती गेल्यापासून मी फवारलं नव्हतं. पांढऱ्या ओळीतली जुनी पानं अजून मातीने पांढरी होती, पण शेंड्यांना नवी पानं फुटली होती, माती न लागलेली. एकावर मावा धरला होता. पान उलटलं... आणि लाल पाठ दिसली. एक नाही, शेजारच्या पानावर आणखी एक.

"आले गं, सुनंदा, आले!" मी खिडकीकडे वळून ओरडले. डोळ्यांना धारा लागल्या होत्या.

खिडकीत माधवराव उभे होते.

"आवाज वर गेला तुमचा," ते म्हणाले.

"मग या, स्वतः बघा."

ते चपलाही न घालता बाहेर आले, चष्मा पुसला आणि पानाशी वाकले.