पहिला ‘नको’ धरायचा नाही

हे मी जवळजवळ लिहिणारच नव्हते. एक तर बुधवारी स्टॅट्सची मिडटर्म आहे, आणि दुसरं म्हणजे जया मावशींना विचारलं, तुमच्यावर लिहू का, तर त्या पोळी लाटता लाटता म्हणाल्या, "नको वं, माझ्यावर काय लिहितं कोणी." मी बेसमेंटमध्ये परत यायला निघाले आणि अर्ध्या जिन्यात डोक्यात आलं की अगं बाई, हा तर पहिला नको आहे. परत वर गेले. परत नको. तिसऱ्यांदा म्हणाल्या, "लिही बापा, पण माझं वजन नको लिहू." सो मी आत्ता टाईप करतेय आणि मध्ये थांबणार नाहीये, चुका दिसल्या तर सोडून द्या.

मावशी माझ्या सख्ख्या मावशी नाहीत. मी विनिपेगला कॉलेजला आले तेव्हा आईच्या ओळखीतून त्यांच्या बेसमेंटची खोली मिळाली. मूळच्या नागपूरच्या, इंदोऱ्याच्या. इथे शाळांच्या एका ऑफिसात पेरोल बघतात. नवरा बबनकाका बसच्या गॅरेजमध्ये सुपरवायझर. मुलगा कपिल बर्नाबीला, टेकमध्ये, दर फोनला "आय ॲम गुड, आई" म्हणतो आणि मग त्याला मीटिंग असते. अगदी आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं घर.

फक्त मावशींना वेल्श येतं.

हो, वेल्श. इंग्लंडला चिकटून वेल्स आहे ना, तिथली भाषा. पहिल्या आठवड्यात मी खिडकीतून बघितलं तर मावशी ड्राईव्हवे शोव्हल करतायत आणि प्रत्येक फावड्याला "ईन, दाय, त्री" मोजतायत. मला वाटलं थंडीने काहीतरी झालं.

झालं असं होतं की आमच्या आंबेडकर असोसिएशनची मीटिंग नदीकडच्या एका चर्चच्या बेसमेंट हॉलमध्ये असते, महिन्यातल्या एका शनिवारी. एकदा काकांची शिफ्ट होती म्हणून त्यांनी मावशींना फार लवकर सोडलं. आत टेबलाभोवती म्हातारी म्हातारी मंडळी काहीतरी घोकत होती. बाहेर मायनस तीस, मावशी जाणार कुठे, बसल्या एका खुर्चीवर. पांढऱ्या केसांच्या एक बाई किटली घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "पानेद?" म्हणजे चहा घेणार का. मावशी म्हणाल्या, नो नो. बाई हसल्या आणि किटली घेऊन पुढे गेल्या.

"माय, मी बघतच राहिली," मावशी अजून सांगतात. "वापस आलीच नाही ना ती किटली. आपल्याकडे एखाद्याला एकदाच विचारलं तर लोक म्हणतील, पाजायचा नव्हता चहा."

त्या पुढच्या शनिवारी खास लवकर गेल्या, फक्त तो चहा वसूल करायला. आणि मग दर शनिवारी. त्या किटलीवाल्या बाई म्हणजे नेस्टा, लग्न होऊन फार पूर्वी वेल्समधून आलेल्या, शाळेत म्युझिक शिकवून रिटायर झालेल्या, आणि तो वेल्शचा क्लास त्यांचाच. मावशी त्यांना नेस्टाताई म्हणतात आणि त्या मावशींना जाया. नेस्टाताईंची शिकवायची पद्धत एकच. तुम्ही वाक्य म्हणा, त्या मान हलवणार आणि म्हणणार "एतो". म्हणजे परत. जमलं तरी एतो, चुकलं तरी एतो.

मला मावशींचे शनिवार इतके आवडतात ना. क्लास झाला की त्या फोर्क्सला, म्हणजे नद्यांच्या संगमावर जातात, नदी गोठलेली असते, लोक स्केटिंग करत असतात, आणि मावशी स्नोबूट घालून कडेकडेने चालत भेटेल त्याला "बोरे दा" म्हणतात. त्याचा अर्थ शुभ सकाळ, आणि दुपारचे दोन वाजलेले असतात. मग मार्केटमध्ये सूप. मग ग्रोसरी. संध्याकाळी नेस्टाताईंच्या रेसिपीचे वेल्श केक तव्यावर, पण वेलची घालून, आणि काका म्हणतात, "हे तर गोड दशमीच आहे, नाव कायले बदललं?"

एकदा मी विचारलं, मावशी, वेल्शच का, फ्रेंच शिकला असतात तर ऑफिसात तरी उपयोग झाला असता. त्या म्हणाल्या, "उपयोगाचं सगळं करूनच राहिली ना मी. ऑफिस पगाराचं, असोसिएशन समाजाचं, घर तुमचं सगळ्यांचं. शनिवार माझा आहे. तिथे सगळेच चुकतात, कोणी कोणाचं साहेब नाही. त्या टेबलावर बसली तेव्हा पहिल्यांदा वाटलं, हे गाव माझं आहे."

म्हणून फेब्रुवारीत जे झालं त्याने मलाच रडू आलं होतं.

नेस्टाताईंनी क्लासमध्ये सांगितलं की मार्चअखेर त्या मुलीकडे ओकव्हिलला जाणार, कायमच्या, आता एकटीने विंटर झेपत नाही. आणि सगळ्यांसमोर मावशींना विचारलं, "जाया, वुड यू टेक द क्लास?"

आणि मावशी काय म्हणाल्या? "नो नो, मी कुठली, मला काय येतं."

नेस्टाताई म्हणाल्या, "ऑफ कोर्स, डिअर, आय अंडरस्टँड." मग म्हणाल्या, तर मग क्लास इथेच संपवू. हॉलची शनिवारची वेळ एका योगा ग्रुपला हवीच होती.

घरी आल्यावर मावशींनी कुकर इतक्या जोरात ठेवला की मी खालून वर आले.

"तुम्हाला घ्यायचा होता क्लास?" मी विचारलं.

"मग काय तर."

"मग नो काऊन म्हटलं?" काका म्हणाले.

"पहिल्यांदा लगेच हो म्हणतात का? टपूनच बसली होती असं वाटते. दुसऱ्यांदा विचारलं असतं तर म्हटलं असतं ना मी."

"मावशी, इकडे दुसऱ्यांदा नाही विचारत कोणी. उलट ते रूड असतं."

काका पाय वर घेऊन बसले आणि इतके हसले. "आपण वंदनेत बुद्धाला सरणसुद्धा तीनदा जातो. दुतियम्पि, ततियम्पि. आणि त्या बाईनं एकदाच विचारलं. चूक तिचीच आहे."

"फोन करून सांगा ना," मी म्हणाले, मी तर नंबरच लावायला लागले होते, मावशींनी फोन हातातून काढून घेतला. "मागून घेऊ का आता? नाही म्हणायचं आन् मग मागायचं?"

तर सगळा मार्च त्या वाट बघत बसल्या. दर शनिवारी केक घेऊन जायच्या आणि तोंड पाडून यायच्या. नेस्टाताई बिचाऱ्या इतक्या सभ्य की विषयच काढायच्या नाहीत, मावशींना ऑकवर्ड वाटू नये म्हणून. म्हणजे दोघी एकमेकींचा मान राखत होत्या आणि क्लास मरत होता. मी खाली बसून उशीत ओरडायचे.

शेवटच्या शनिवारी मी आणि काका पण गेलो. सगळ्यांनी गाणी म्हटली, काकांना शब्द येत नव्हते तरी त्यांनीही म्हटली. मग चर्चच्या ऑफिसातल्या बाई हॉलची चावी घ्यायला आल्या. नेस्टाताईंनी पर्समधून चावी काढली, पुढे केली, आणि मावशी उभ्या राहिल्या. खुर्ची मागे पडली.

"नेस्टाताई," त्या म्हणाल्या, "गोव्हनुख एतो."

परत विचारा. वेल्शमध्ये.

नेस्टाताईंचा चावीचा हात तसाच हवेत. त्या मावशींकडे बघत राहिल्या आणि मग हळूच म्हणाल्या, "जाया, वुड यू टेक द क्लास?"

आणि मावशींच्या तोंडून, शपथ घेऊन सांगते, सवयीने निघालं, "नो नो."

मी डोळे मिटले. मागून काकांचा आवाज आला, "ततियम्पि." म्हणजे तिसऱ्यांदा.

मी घाईघाईत इंग्लिशमध्ये ओरडून सांगितलं की आमच्याकडे तीनदा विचारतात, प्लीज अजून एकदा, प्लीज. नेस्टाताईंना बहुतेक तेव्हा ती पहिल्या दिवशीची किटली आठवली, कारण त्यांनी तोंडावर हात धरला. मग म्हणाल्या, "एतो. जाया, वुड यू?"

"हाव," मावशी म्हणाल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे याउन. यस."

चावी मावशींच्या हातात. योगावाल्यांना शुक्रवार मिळाला, सगळे खूश.

आता क्लास मावशी घेतात. नियम एकच, पहिला नको धरायचा नाही. त्या टेबलावरचा डग, जन्मापासून विनिपेगचा माणूस, आता केक समोर आला की दोनदा नको म्हणतो आणि तिसऱ्यांदा दोन उचलतो.

पण मला हे लिहायचं होतं ते खरं तर वेगळ्याच कारणासाठी. मावशी दर रविवारी नेस्टाताईंना फोन करतात. मुलगी दिवसभर ऑफिसला असते, त्या तिथे कुणाला ओळखत नाहीत, वेल्श बोलायला कुणी नाही, नुसतं बोलायलाही नाही. मंगळवारी सकाळी लेकजवळच्या लायब्ररीत खिडकीपाशी जाऊन बसतात, बास. मावशी म्हणाल्या, आमची मराठी माणसं आहेत तिकडे, पाठवू का कोणाला भेटायला? तर नेस्टाताई म्हणाल्या, "ओ नो, डिअर, नो ट्रबल."

मावशींनी फोन खाली ठेवला आणि म्हणाल्या, "पहिला आहे."

दुसऱ्या रविवारी परत विचारलं, परत नो. काल तिसऱ्यांदा विचारलं. नेस्टाताई म्हणाल्या, "हाव."

सो ओकव्हिलमध्ये किंवा आसपास जे कोणी हे वाचत असाल, प्लीज जा. या मंगळवारीच जा. पांढरे केस, खिडकीजवळ, सोबत चहाचा थर्मास असतो. त्या चहा विचारतील, तुम्ही नको म्हणा. त्या परत विचारतील, आणि त्यांना लगेच कळेल तुम्हाला कुणी पाठवलंय.